युद्धग्रस्तांच्या छावणीत काम करायचंय? अर्ज अडतो तो अनुभवाच्या कागदावर

धारणी-चिखलदऱ्यात कुपोषित बाळांच्या वॉर्डात पाच-पाच वर्षं राबलेल्या सिस्टरचा परदेशी मदत संस्थेकडे केलेला अर्ज ‘अनुभव अपुरा’ म्हणून परत येतो, तेव्हा चीड येते. एप्रिल 2023 पासून सुदानमध्ये युद्ध चालू आहे. तिथून चाडमध्ये पळून आलेल्यांच्या छावण्यांत नेमकं हेच काम असतं: लेकराचा दंडघेर मोजा, 11.5 सेंटिमीटरच्या खाली असेल तर उपचारावर घ्या, गोवराची लस द्या. हिला ते झोपेतही जमतं. कागदावर त्यातलं काहीच नसतं.

अशा छावण्यांत काम करणारी एक संस्था म्हणजे डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स, म्हणजेच एमएसएफ. नायजेरियातल्या बियाफ्राच्या युद्धानंतर 1971 साली ती फ्रान्समध्ये निघाली. तिच्या परदेशी नेमणुकीसाठी नर्सिंग किंवा वैद्यकीय पात्रता, चालू नोंदणी आणि शिक्षणानंतर किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. इंटर्नशिप धरत नाहीत. इंग्रजी हवंच, फ्रेंच किंवा अरबी येत असेल तर सोन्याहून पिवळं. अर्ज ऑनलाइन, फी नाही. पैसे मागणाऱ्या एजंटला दारात उभं करू नका.

आता खरी मेख. एनएचएमचे, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी नोकरीचे, आदेश अकरा महिन्यांचे, मध्ये खंड. बहुतेक जण शेवटचाच आदेश जोडतात, मग अनुभव वर्षाचाही दिसत नाही. पहिल्यापासूनचे सगळे आदेश क्रमाने लावा. कार्यालयातून मिळतं ते ‘काम समाधानकारक होते’ एवढं एका ओळीचं प्रमाणपत्र. परदेशात बसलेल्या माणसाला त्यातून काय कळणार? मसुदा स्वतःच टाईप करून न्या: पद, रुजू आणि कार्यमुक्त दिनांक, वॉर्ड, खाटा, हाताखाली किती जण. साहेब दौऱ्यावर असतात, क्लार्क ‘उद्या या’ म्हणतो. तरी सही-शिक्का आणि जावक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नका. हेच तपशील बायोडाट्यातही घाला.

सिस्टर मंडळींची दुसरी अडचण नावाची. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर माहेरचं, आधारवर सासरचं. पासपोर्ट काढण्याआधीच दोन्ही जुळवून घ्या, विवाह प्रमाणपत्र जवळ ठेवा. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं, तारीख बघा.

नेमणूक साधारण नऊ ते बारा महिन्यांची असते. घरी आधी विचारा. मुलाखत पार पडल्यावर सासरे अडून बसले, असं मी दोनदा पाहिलंय.

आफ्रिकेत जायचं तर पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या. दाखला टोचल्यानंतर 10 दिवसांनी लागू होतो, विमानाच्या आदल्या दिवशी धावून उपयोग नाही.