शेवटावरून भांडण: व्हायरसच्या पिक्चरवर लोकं इतके का तुटून पडतात, त्याची पार्श्वभूमी

जून २०२५ ला '२८ इयर्स लेटर' हा व्हायरसच्या साथीचा इंग्रजी पिक्चर लागला तेव्हा आम्ही चौघं संभाजीनगरला रात्रीच्या शोला गेलतो, एक जण तर जालन्याहून मोटारसायकलवर आला होता खास. पिक्चर दोन तासाचा अन बाहेर येऊन चहाच्या टपरीवर भांडलो दीड तास, टपरीवाला स्टोव्ह बंद करायलाय तरी आमचं चालूच. एकाचं म्हणणं ट्रेलरच जास्त भारी होता. (खरंय, मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या 'बूट्स' कवितेचं १९१५ सालचं रेकॉर्डिंग लावलं होतं त्यात, अंगावर काटा येतो. अन त्यात एक हाडाचा सापळा झालेला माणूस दिसला तर सगळे म्हणायलेत हा पहिल्या भागातला हिरो किलियन मर्फी आहे, निघाला भलताच कोणी.) दुसरा म्हणे मी हॉरर बघायला आलो अन माय-लेकराच्या सीनला रडून बसलो, पैसे कशाचे घेतले यांनी. तिसरा दर दोन मिनिटाला एकच, "हे झोंबी नाहीत रे, इन्फेक्टेड आहेत." अन शेवट आवडला का, तर चौघांपैकी एकालाही नाही, पण कारणं चौघांची चार.

मी ह्या टाईपचे पिक्चर पंधरा-वीस वर्षं झाली बघतो अन ही भांडणं दर वेळी तीच असतात. म्हणून म्हटलं एकदा लिहावंच, ह्यातलं कोणतं भांडण कुठून आलं.

आधी झोंबी. हा शब्द हैतीचा. तिथं फ्रेंचांच्या ऊसमळ्यात आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबायचे, अन त्यांची सगळ्यात मोठी भीती म्हणजे मेल्यावरही सुटका नाही, कोणीतरी मंत्र टाकून उठवणार अन परत कामाला जुंपणार. म्हणजे तो झोंबी कोणाला खात-बित नव्हता, उगं राबायचा. १९१५ ते १९३४ अमेरिकेचं सैन्य हैतीत बसलेलं होतं, तेव्हा ह्या गोष्टी तिकडं पोचल्या अन १९३२ ला 'व्हाइट झोंबी' आला. त्यात साखर कारखान्याचा एक सीन आहे, मेलेली माणसं चरक फिरवायलीत, एक जण त्यात पडतो, तरी बाकीचे थांबत नाहीत. मी हा सीन माझ्या एका मित्राला दाखवला, त्याच्या घरचे कोयत्यावर म्हणजे ऊस तोडायला जातात, बीडच्या वडवणीकडचा आहे. तो हसला नाही. म्हणे हे पिक्चर आमच्याकडं कोणी आणलं नाही अजून?

नंतर आला जॉर्ज रोमेरो, १९६८, 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'. सव्वा लाख डॉलरच्या आतला पिक्चर, पिट्सबर्गच्या आसपास काढलेला, ब्लॅक अँड व्हाईट. गंमत म्हणजे आख्ख्या पिक्चरमधे झोंबी हा शब्दच नाही! लोकांनी नंतर चिकटवला. अमेरिकेत रेटिंगची पद्धत सुरू झाली नोव्हेंबर १९६८ ला अन हा लागला ऑक्टोबरमधे, म्हणून दुपारच्या खेळाला लहान लेकरं जाऊन बसली. समीक्षक रॉजर एबर्टनं त्यावर लिहिलंय, लेकरं आधी मजेत ओरडायलीत अन मग एकदम गप, काही तर रडायला लागली. आपण ज्याला शेवटाचं भांडण म्हणतो ते मला वाटतं इथून सुरू झालं, कारण रात्रभर जो हिरो जीव वाचवून राहिला, अन तो काळा माणूस होता त्या काळात, त्याला सकाळी मदतीला आलेलीच टोळी गोळी घालते. बस, पिक्चर संपला. अन हा पिक्चर जगभर पसरला कामून, तर नाव बदलताना वितरकाकडून कॉपीराईटची ओळच राहून गेली, म्हणून तो कोणाच्याच मालकीचा उरला नाही, ज्याला पाहिजे त्यानं फुकट दाखवला. एका चुकीनं सगळा प्रकार उभा राहिला म्हणा ना.

पण त्यात व्हायरस नव्हता. रोगाची कल्पना रिचर्ड मॅथेसनच्या १९५४ च्या कादंबरीतली, 'आय ॲम लेजंड', अन रोमेरोनं स्वतः कबूल केलंय की मी तिथून उचललं. त्यात रक्तपिपासू आहेत पण भूतबाधा नाही, जंतू आहे, जगात एकच माणूस उरलाय अन तो मायक्रोस्कोप घेऊन बसलाय. पुढं १९९६ ला 'रेसिडेंट इव्हिल' ही व्हिडिओ गेम आली, कंपनीची लॅब, तिथून सुटलेला व्हायरस, अन तेव्हापासून मेलेला माणूस जवळपास पेशंटच झाला.

मग २००२, डॅनी बॉयलचा '२८ डेज लेटर', आम्ही ज्यावर भांडलो त्याचा पहिला भाग, लिहिलेला ॲलेक्स गारलंडनं. ह्यात कोणी मरून उठत नाही. प्राण्यांसाठी लढणारे लोक लॅबमधून चिंपांझी सोडायला जातात, त्या चिंपांझींना 'रेज' नावाचा व्हायरस टोचलेला असतो, अन रक्ताचा थेंब लागला की दहा-वीस सेकंदात माणूस पिसाळतो. आपल्याकडं पिसाळलेलं कुत्रं गावात शिरलं की काय होतं ते ज्यानं पाहिलंय त्याला हे समजावून सांगायची गरजच नाही. अन हे इन्फेक्टेड शेवटी उपासमारीनं मरतात, कारण ते जिवंत आहेत, त्यांना पोट आहे. तर आमचा तिसरा गडी जे म्हणतो ते बरोबरच आहे, फक्त तो फार वेळा म्हणतो. पळण्याचं पण तेच. रोमेरोला पळणारे झोंबी कधीच पटले नाहीत, मेलेल्याचे घोटे टिकतील का म्हणायचा तो, पण २००४ ला त्याच्याच 'डॉन ऑफ द डेड'चा रिमेक आला अन त्यातले सुसाट पळायलेत.

'२८ डेज लेटर' ज्या वर्षी शूट झाला, २००१, त्याच वर्षी ब्रिटनमधे लाळ्या-खुरकताची साथ होती. साठ लाखाच्या वर जनावरं मारली त्यांनी, शेतात ढीग रचून जाळली, पायवाटा बंद केल्या. तिथल्या प्रेक्षकानं हे सगळं बातम्यात पाहिलेलं होतं ताजं ताजं. आपल्याकडं २०२२ ला लम्पी आला अन जनावरांचे बाजार बंद झाले तेव्हा मला ते आठवलं, गोठ्यात कडुनिंबाचा धूर करून बसलेली लोकं, शेजाऱ्याला पण बैलाजवळ येऊ देईनात.

आता क्वालिटीचं भांडण. मी हा पिक्चर पहिल्यांदा पाहिला तो सीडीवर, औरंगाबादला कॉट बेसिसवर राहायचो तेव्हा, अन मध्येच लाईट गेली म्हणून दोन टप्प्यात. सगळं फाटल्यासारखं, दाणेदार, आम्ही सीडीवाल्याला शिव्या घातल्या की डुप्लिकेट दिली. लई वर्षांनी कळलं की ओरिजिनलच तशी आहे! कॅनन एक्सएल-१ नावाच्या साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढलाय बहुतेक भाग. कारण रिकामं लंडन दाखवायचं होतं, पहाटे पहाटे पोलिसांनी ट्रॅफिक काही मिनिटं अडवायची अन तेवढ्यात एकदम बरेच कॅमेरे लावून घ्यायचं, मोठा फिल्मचा कॅमेरा मांडेपर्यंत तर शहर जागं होईल. म्हणून २०२५ चा भाग आयफोनवर काढला तेव्हा काही जणांना ती जाहिरातबाजी वाटली, पण हे त्या घराण्याचंच आहे.

अन ते रिकामं लंडन म्हणजेच खरा पिक्चर आहे माझ्या मते. हिरो दवाखान्यात कोमातून उठतो अन बाहेर कोणीच नाही. ही आयडिया पण उसनी, १९५१ ची जॉन विंडमची कादंबरी 'द डे ऑफ द ट्रिफिड्स', तिच्यात पण हिरो दवाखान्यातच उठतो, गारलंडनं ते लपवलं नाही. माझ्या त्या वडवणीच्या मित्रानं वेस्टमिन्स्टरचा रिकामा पूल बघून काय म्हणावं? "दसरा-दिवाळीनंतर आमचं गाव असंच दिसतंय, म्हातारे, कुत्रे अन कुलपं."

शेवटाची खरी मजा पुढं आहे. २००२ च्या ह्या पिक्चरचा मूळ शेवट वेगळा होता, त्यात हिरो मरतो. पिक्चर लागायच्या आधी टेस्टला बसवलेल्या लोकांना ते फार जड गेलं म्हणून तो जगलेला शेवट ठेवला. मग अमेरिकेत जून २००३ ला लागल्यावर वाद इतका झाला की जुलैपासून थेटरात नावं सरकून झाली की तो मरणाचा शेवट पण दाखवायला लागले, म्हणजे एका तिकिटात दोन शेवट, जो पाहिजे तो घरी न्या. २००७ ला 'आय ॲम लेजंड' आला, विल स्मिथवाला, तिथं उलटं. मूळ शेवटात त्या रोग्यांचा म्होरक्या आपल्या बाईला न्यायला आलेला असतो अन हिरोला कळतं की ह्यांच्या नजरेत राक्षस तर मीच. कादंबरीचा सगळा अर्थ त्यात होता. टेस्टच्या प्रेक्षकाला नाही पटलं, तर हिरो बॉम्ब घेऊन हुतात्मा, असं करून टाकलं. नंतर डीव्हीडीवर जुना शेवट निघाला अन लोकं म्हणायला लागले अरे हाच भारी होता, आता पुढचा भाग काढायचा विचार चाललाय तो पण म्हणे ह्या जुन्या शेवटाला धरून. 'वर्ल्ड वॉर झी'चा, २०१३, तर तिसरा हिस्साच्या हिस्सा फेकून नव्यानं शूट केला. म्हणून कोणी म्हणतं ना प्रेक्षकाच्या बडबडीला कोण विचारतंय, तर ह्या प्रकारात लई विचारलंय.

आपल्या लोकांची मतं मात्र जरा वेगळ्या वळणानं जातात, अन त्याला कारण आहे. साथ आली की गाव मोकळं करून शेतात खोपी टाकायच्या हे आमच्या आज्जीनं लहानपणी पाहिलेलं, गाठीची साथ म्हणायची ती प्लेगला. उंदीर पडला घरात की चूल उचलायची. मरीआईचा गाडा एका शिवेवरून दुसऱ्या शिवेवर ढकलायचा, म्हणजे आपली पीडा शेजारच्या गावाला, अन ते गाव पुढच्याला. १९१८ च्या फ्लूला तर मानमोडी हेच नाव पडलं, कुठल्याही पिक्चरच्या टायटलला लाजवेल असं. सरकारी बाजू म्हणाल तर १८९७ चा साथरोग कायदा, पुण्यात घरात शिरून झडत्या, त्याच्यातून २२ जून १८९७ ला रँडवर गोळ्या. तोच कायदा मार्च २०२० ला पुन्हा लागू झाला, सव्वाशे वर्षांनी.

अन मराठवाड्याचं अगदी जवळचं म्हणजे १९९४. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, त्याला वर्ष व्हायच्या आत बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगची बातमी. पिसवा झाल्या, उंदीर मरायलेत, मग गाठीचे पेशंट. भूकंपानंतर पडक्या घरात धान्य राहिलं अन उंदीर माजले असं तेव्हा बोललं जायचं. मग सप्टेंबरमधे सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग अन तिथून लाखो लोकं रेल्वेनं पळाली, तोंडाला रुमाल बांधून. मी तेव्हा लहान, पण मेडिकलवर टेट्रासायक्लिनसाठी लागलेली रांग मला आठवते, अन शाळेत कोणी खोकलं की बाकडं सरकवायचे पोरं.

म्हणून २०२० च्या आधी अन नंतर आमच्या ग्रुपमधली मतं एकदम पालटली. २०११ चा 'कंटेजन' आधी सगळ्यांना बोअर वाटलेला, डॉक्टर लोकांच्या मिटिंगा नुसत्या, कोणी चावत नाही की पळत नाही. लॉकडाऊनमधे जगभर तोच शोधून बघायलेत अन आमचे पण. आधी आम्ही हसायचो, काय पण दाखवतात, एका आठवड्यात कुठं गावं एकमेकाला बंद होतात का. मग मार्च संपायच्या आत आमच्याच शिवारात रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या, काही गावांनी तर चर खांदले. कोयत्यावर गेलेली लोकं तिकडं कारखान्यांवर अडकली, एप्रिलमधे परवानगी मिळाली तेव्हा परत आली, अन वेशीवर त्यांच्याच भावकीतली पोरं काठ्या घेऊन उभी. ८ मे ला करमाडजवळ जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर रुळावर झोपले अन मालगाडीखाली गेले. त्यानंतर वर्षभर मला ह्यातला एकही पिक्चर लावावा वाटला नाही.

मराठीत 'झोंबिवली' आला २६ जानेवारी २०२२ ला, डोंबिवलीवरचा. त्यात गडबड पाण्यापासून सुरू होते अन टॉवरवाले विरुद्ध वस्तीवाले असं आहे. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्या लातूरनं पाहिलंय तिथल्या माणसाला पाण्याचं काही वेगळं सांगायला नको. कॉमेडी जास्त आहे, मला ठीक वाटला, बायकोला आवडला. कोरियाच्या 'ट्रेन टू बुसान' ह्या झोंबीच्या पिक्चरबद्दल मात्र घरात भांडण नाही, हिंदी डबमधे पाहिला अन बाप-लेकीसाठी सगळे रडले, माझे सासरे पण.

तर परत टपरीवर. तो २०२५ चा शेवट काय आहे, की एवढा गंभीर पिक्चर चाललेला, आईचं मरण, हाडांचं देऊळ, अन एकदम रंगीत ट्रॅकसूट घातलेली, सोनेरी केसांची टोळी उड्या मारत येते, म्होरक्याचं नाव जिमी. आम्हाला वाटलं रीळ बदललं का काय. तर भानगड अशी की ब्रिटनमधे जिमी सॅव्हिल नावाचा टीव्हीवाला होता, अशाच केसांचा, ट्रॅकसूट, सोन्याच्या साखळ्या, लेकरांचा लाडका, राणीनं 'सर' केलेला. २०११ ला मेला अन २०१२ ला बाहेर आलं की ह्यानं कित्येक लेकरांवर अत्याचार केलेत. पण पिक्चरच्या जगात साथ २००२ लाच आली, टीव्ही बंद, पेपर बंद. म्हणजे तिथं ते कधी उघडंच पडलं नाही. सुरुवातीला टीव्हीपुढं बसलेला जो पोरगा वाचतो, त्याच्या डोक्यात तो माणूस हिरोच राहिला अन मोठा होऊन त्यानं त्याचाच वेष घेतला.

हे मी तिसऱ्या दिवशी वाचलं अन ग्रुपवर टाकलं. जालन्यावाल्याचा रिप्लाय आला, "मग हे पिक्चरमधे सांगायला काय झालतं त्यांना." रडलेला म्हणे आता परत बघावा लागतो. अन तिसऱ्यानं एवढं सगळं वाचून लिहिलं, "ठीक आहे, पण ते झोंबी नाहीत."