व्यसनमुक्ती केंद्र आलं की चोऱ्या वाढतात?

"केंद्राला विरोध नाही हो, पण आमच्या गल्लीत नको." व्यसनमुक्ती केंद्राचं नाव निघालं की सोसायटीच्या बैठकीत हे वाक्य ठरलेलं. कारणही ठरलेलं: गर्दुल्ले जमतील, चोऱ्या वाढतील.

हेरॉइनने पोखरलेल्या अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात ही भीती मोजून पाहिली गेली. हेरॉइनची तलफ शमवणारं मेथाडोन हे औषध देणाऱ्या दवाखान्यांभोवतीचे गुन्हे संशोधकांनी नकाशावर मांडले. 2012 मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा, की दवाखान्याच्या जवळ जावं तसे गुन्हे वाढत नाहीत. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांजवळ मात्र वाढतात. तिथल्याच 2016 च्या अभ्यासात हिंसक गुन्हे उपचार केंद्रांपेक्षा दारूच्या दुकानांभोवती जास्त निघाले. (त्या दुकानाविरुद्ध किती सह्या गोळा होतात?)

यात नवल नाही. औषधाने तलफ शमली की पुडीसाठी रोज पैसे उभे करायची धडपड थांबते. आपल्याकडे यासाठी ब्युप्रेनॉर्फिन वापरतात. नर्ससमोर गोळी जिभेखाली धरायची, विरघळेपर्यंत थांबायचं, मग आपल्या कामाला. निवासी केंद्रातला रुग्ण तर गल्लीत दिसतच नाही. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे असं केंद्र 1986 पासून चालू आहे.

प्रश्न विचारायचेच तर केंद्रचालकाला विचारा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का? डॉक्टर रोज येतात का? विनानोंदणी केंद्रांत रुग्णांना कोंडून मारहाण झाल्याच्या बातम्या येतात, आणि तो धोका खरा आहे. फक्त तो गल्लीला नसून आत ठेवलेल्या माणसाला आहे.