दहाव्या क्रमांकाची किंमत

13 नोव्हेंबर 2016. साओ पावलोच्या इंटरलागोस ट्रॅकवर फॉर्म्युला वनची शर्यत होती आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. दोनदा लाल झेंडा दाखवून गाड्या थांबवाव्या लागल्या आणि शर्यत तीन तास रेंगाळली. सगळे मॅक्स वर्स्टॅपेनची पावसातली करामत बघत होते. शेपटाकडच्या दोन संघांची लढत मात्र वेगळीच होती. सॉबरचा फेलिपे नास्र नववा आला आणि संघाला मोसमातले पहिले दोन गुण मिळाले. मॅनर या छोट्या ब्रिटिश संघाकडे एकच गुण होता. पास्कल वेरलाइनने तो ऑस्ट्रियात मिळवला होता, आणि त्याच एका गुणावर मॅनर तोवर दहाव्या जागी तग धरून होता. त्या दिवशी तो अकरावा झाला.

जानेवारी 2017 संपता संपता मॅनरला टाळं लागलं. दोनशेहून जास्त माणसं घरी बसली. पुढच्या मोसमात फॉर्म्युला वनमध्ये दहाच संघ उरले. सॉबर त्यात सर्वांत शेवटी, म्हणजे दहावा आला. पण तेव्हा दहाव्याला बक्षिसाचे पैसे मिळत, अकराव्याला नाही.

छोट्या संघांच्या आर्थिक फरपटीबद्दल लिहिताना मी याच शर्यतीपासून सुरुवात करतो, कारण 'गाडी हळू म्हणून संघ बुडाला' हे नेहमीचं स्पष्टीकरण मला कधीच पटलेलं नाही. हळू संघ या खेळात पहिल्यापासून आहेत. त्यांना बुडवतो तो पैशांच्या वाटपाचा नियम, आणि पैसा हातात पडायची वेळ. या मोसमातल्या कामगिरीचं बक्षीस पुढच्या वर्षी हप्त्याहप्त्याने मिळतं. इंजिनाचं बिल, पगार, नव्या गाडीचे साचे, हा खर्च मात्र आत्ताच समोर उभा असतो. शेतकऱ्याने पेरणी आज करावी आणि पट्टी पुढल्या सालाला मिळावी, तसं. मोठ्या संघाच्या पाठीशी एखादी कार कंपनी असते, ती मधला काळ निभावून नेते. छोट्याला उधारीवर हिवाळा काढावा लागतो. प्रोस्ट, एचआरटी, कॅटरहॅम, मारुशिया, मॅनर यांच्या बंद पडण्याच्या तारखा पाहा. सगळ्या ऑक्टोबर ते जानेवारीतल्या आहेत.

ही कोंडी पहिल्यापासून नव्हती. 1967 मध्ये कॉसवर्थचं डीएफव्ही इंजिन आलं आणि पुढच्या वर्षापासून ते इतरांनाही विकत मिळू लागलं. पैसे मोजा, इंजिन घ्या, चासी म्हणजे गाडीचा सांगाडा स्वतः बनवा आणि शर्यतीला या. त्याच सुमाराला गाड्यांवर सिगारेट कंपन्यांचे रंग चढू लागले, 1968 मध्ये लोटससारखा संघ गोल्ड लीफच्या रंगात उतरला. या दोन गोष्टींच्या जोरावर गॅरेजवाल्या माणसांना जागतिक अजिंक्यपदाचं दार उघडलं. फ्रँक विल्यम्स त्यातलेच. एके काळी बिल न भरल्यामुळे फोन तोडला गेला, तेव्हा ते रस्त्यावरच्या टेलिफोन बूथमधून संघाचा कारभार चालवायचे. 1977 मध्ये त्यांनी पॅट्रिक हेडला सोबत घेऊन डिडकॉटच्या एका जुन्या गालिच्याच्या गोदामात नव्याने सुरुवात केली. दोन वर्षांनी सिल्व्हरस्टोनला क्ले रेगात्सोनीने त्यांना पहिला विजय मिळवून दिला, तोही डीएफव्हीवर.

1981 मध्ये संघ आणि खेळ चालवणारे यांच्यात पहिला कॉनकॉर्ड करार झाला आणि त्याने टीव्ही आणि बक्षिसाच्या पैशांची वाटणी कागदावर आली. तेव्हापासून छोट्या संघाचं नशीब त्या कागदाला बांधलं गेलं. ऐंशीच्या दशकाअखेर गर्दी इतकी वाढली की काही संघांना शुक्रवारी भल्या सकाळी एक तासाचं प्री-क्वालिफायिंग, म्हणजे पात्रता फेरीच्याही आधीची चाळणी, द्यावं लागे. त्यात नापास झालात, तर न्याहारीच्या वेळेलाच सामान बांधून परत. इतका प्रवास करून प्रायोजकाला गाडीची झलकसुद्धा दाखवता येत नसे.

त्या काळातून तगलेला संघ म्हणजे मिनार्डी. इटलीतल्या फाएंझा या गावातला, जानकार्लो मिनार्डींचा. 1985 ते 2005 अशी एकवीस वर्षं, 340 शर्यती, अवघे 38 गुण, पोडियम म्हणजे पहिल्या तिघांत जागा एकदाही नाही. तरी या संघावर लोकांनी जेवढा जीव लावला, तेवढा कित्येक विजेत्यांच्याही वाट्याला आला नाही.

त्यांची एक दुपार मला विसरता येत नाही. न्युर्बुर्गरिंग, सप्टेंबर 1999. पाऊस येत-जात होता, पुढचे एकामागून एक गळत होते आणि लुका बाडोएर मिनार्डी घेऊन चक्क चौथ्या क्रमांकावर धावत होता. तेरा फेऱ्या उरल्या असताना गिअरबॉक्स गेला. बाडोएर उतरला आणि गाडीवर डोकं टेकून ढसाढसा रडला. बघणाऱ्यांना वाटलं, गुण हुकले म्हणून रडतोय. पण त्या जागेचे तीन गुण मिनार्डीसारख्या संघासाठी वर्षभराचा श्वास होता. त्याच शर्यतीत दुसऱ्या गाडीतला मार्क हेने सहावा आला आणि एक गुण घेऊन आला. त्या एका गुणावर मिनार्डी मोसमाअखेर दहावा राहिला. त्याच्याखाली कोण, तर पाण्यासारखा पैसा ओतून त्याच वर्षी उतरलेला आणि शून्य गुणांवर थांबलेला बीएआर हा संघ.

पुढे मिनार्डी पॉल स्टोडार्ट यांनी घेतला. फर्नांडो अलोन्सो आणि मार्क वेबर दोघांचं पदार्पण तिथलंच. 2005 मध्ये रेड बुलने संघ विकत घेतला आणि नाव टोरो रोसो झालं. तीनच वर्षांनी, 2008 मध्ये, त्याच संघाचा सेबॅस्टियन व्हेटेल मोंझाला पहिला आला. गाव तेच आणि कारखानाही फाएंझातलाच. बदललं होतं ते एवढंच, की आता पाठीशी पैसा होता.

2009 मध्ये मॅक्स मोस्ली एफआयएचे, म्हणजे मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेचे, अध्यक्ष होते. त्यांनी वर्षाला 4 कोटी पौंडांची खर्चमर्यादा पुढे केली आणि तिच्या भरवशावर नवे संघ निवडले. मोठ्या संघांनी वेगळी स्पर्धा काढायची धमकी दिली आणि काही दिवसांतच मर्यादा गुंडाळली गेली. नव्यांचे अर्ज मात्र मंजूर होऊन बसले होते. 4 कोटींचा हिशेब धरून आलेल्यांना त्याच्या कित्येक पट खर्च करणाऱ्यांशी लढावं लागलं. मला हा सरळसरळ विश्वासघात वाटतो. त्या नव्यांपैकी यूएसएफ1 तर शर्यतीच्या सुरुवातीच्या रांगेपर्यंत पोचलाच नाही. व्हर्जिनने, म्हणजे पुढे मारुशिया आणि मॅनर झालेल्या संघाने, विंड टनेलचा, म्हणजे वाऱ्याच्या बोगद्यात गाडी तपासण्याचा, खर्च टाळून गाडी निव्वळ संगणकावर रेखाटली. ती ट्रॅकवर आली तेव्हा कळलं, की टाकी लहान आहे आणि इंधन शर्यत संपेपर्यंत पुरायचं नाही. चासी बदलायला खास परवानगी घ्यावी लागली.

याच नव्यांपैकी एचआरटीची कथा आपल्याला जास्त जवळची. 2010 च्या पहिल्या शर्यतीत आपल्या करुण चंढोकची गाडी बहरीनच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक रात्रंदिवस जोडत होते. सरावाची सत्रं हातची गेली. करुणने त्या गाडीत पहिली फेरी मारली ती थेट क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे पात्रता फेरीत! जगातल्या सर्वांत वेगवान गाड्यांच्या गर्दीत, आधी एक मीटरही न चालवलेली गाडी घेऊन. एचआरटी 2012 च्या अखेरीस संपला, एकही गुण न मिळवता.

मारुशियाला 2014 मध्ये मोनॅकोत पहिले गुण मिळाले. ज्यूल्स बियांचीने रास्कास वळणावर चाकाला चाक घासत कोबायाशीच्या कॅटरहॅमला मागे टाकलं. पाच सेकंदांचा दंड धरूनही तो नववा राहिला, दोन गुण. ऑक्टोबरमध्ये सुझुकाला त्याचा भीषण अपघात झाला आणि पुढच्या जुलैत तो गेला. अपघातानंतर तीन आठवड्यांत संघ दिवाळखोरीतल्या कंपन्या सांभाळणाऱ्या प्रशासकाच्या हाती होता. बॅनबरीचा कारखाना हास या दुसऱ्या संघाने घेतला, सामान लिलावाला निघालं. त्याच दिवसांत कॅटरहॅमने चाहत्यांकडून वर्गणी काढून अबू धाबीची शेवटची शर्यत गाठली.

मारुशियाचं काय झालं? बियांचीच्या दोन गुणांनी संघ त्या वर्षी नववा ठरला होता, आणि नवव्या क्रमांकाचं बक्षीस मिळायचं होतं. त्या आशेवरच नवा मालक पुढे आला. 2015 च्या मेलबर्नला मॅनर नावाने गाड्या हजर झाल्या, पण गॅरेजबाहेर आल्याच नाहीत. लिलावासाठी संगणकांवरचा सगळा डेटा पुसून टाकला होता आणि गाडी चालवण्याची प्रणाली नव्याने उभी करायला वेळ नव्हता. आपल्या माणसाने जीव ओतून मिळवलेल्या दोन गुणांवर ते मेकॅनिक अख्ख्या जगासमोर उभे होते. त्यांच्या गाड्या बंद होत्या, पण मला त्यांच्याबद्दल आदरच वाटतो.

गुण भरपूर असले म्हणजे सगळं निभावतं, असंही नाही. फोर्स इंडिया 2016 आणि 2017 अशी दोन वर्षं चौथा आला होता. मालक विजय मल्ल्या आणि सहारा दोघेही अडचणीत सापडले आणि जुलै 2018 मध्ये संघ प्रशासकाकडे गेला. ती कोर्टाची पायरी चढला होता त्यांचाच ड्रायव्हर सर्जिओ पेरेझ. त्याचे स्वतःचे पैसे थकले होते, पण संघ कायमचा बंद पडू नये म्हणूनही हाच मार्ग उरला होता. लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटाने संघ घेतला, चारशेहून जास्त नोकऱ्या वाचल्या, आणि सिल्व्हरस्टोनजवळच्या त्याच जागेवर आज ॲस्टन मार्टिन आहे.

खर्चमर्यादा शेवटी 2021 मध्ये आली, 14.5 कोटी डॉलरची. विल्यम्स कुटुंबाला ती उशिराच मिळाली. त्यांनी 2020 मध्येच संघ एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीला विकला होता. मर्यादेमुळे शेवटच्या संघाचीही किंमत वाढली, आणि मग असलेल्यांनी दार लावून घेतलं. 2020 च्या कॉनकॉर्ड करारात नव्या संघाने आधीच्यांना भरपाई म्हणून 20 कोटी डॉलर द्यावेत, असं ठरलं. 2026 च्या मोसमासाठी प्रवेश घेतलेल्या कॅडिलॅक संघाला त्याच्या दुपटीहून जास्त, सुमारे 45 कोटी डॉलर मोजावे लागल्याच्या बातम्या आहेत. ही फक्त आत येण्याची रक्कम. गोदाम, इंजिन, मेकॅनिक आणि टेलिफोनचं बिल त्यानंतर.