शोधयंत्राला तुमचं पान वाचता येतं का?

‘महिन्याभरात गुगलच्या पहिल्या पानावर आणून देतो’ असा फोन नागपुरातल्या बहुतेक दुकानदारांना येऊन गेलेला असतो. इतवारीतला मसाल्याचा ठोक व्यापारी, धरमपेठेतला दंतवैद्य, काटोल रस्त्यावरचा रोपवाटिकावाला, सगळ्यांची तक्रार एकच: पैसे मोजून वेबसाइट केली, पण ती शोधात दिसत नाही. फोन करणारा नेमका याच दुखण्यावर बोट ठेवतो. पण पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गुगलने आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलं आहे. त्यामुळे हमी देणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा. आणि क्रमांकाचा प्रश्न तसा पुढचाच. मराठी वेबसाइटचं पुष्कळदा त्याआधीच अडतं, कारण शोधयंत्राला ते पान वाचताच आलेलं नसतं.

आपण शोधपट्टीत शब्द टाकतो तेव्हा गुगल त्या क्षणी इंटरनेटभर हिंडायला निघत नाही. हिंडणं आधीच झालेलं असतं. क्रॉलर नावाचा प्रोग्रॅम एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर, तिथून तिसऱ्यावर जात मजकूर गोळा करत असतो. त्या मजकुराची सूची बनते, एखाद्या जाड ग्रंथाच्या शेवटी असते तशी: शब्द, आणि तो ज्या ज्या पानांवर आला त्यांची यादी. ‘संत्रा’, ‘रोपे’, ‘काटोल’ असे तीन शब्द कोणी टाकले की तीन याद्या काढायच्या, त्यांत सामाईक पानं कोणती ते बघायचं आणि मग त्यांचा क्रम लावायचा. उत्तर सेकंदाच्या आत येतं ते यामुळेच. ज्या पानाची या सूचीत नोंद नाही, ते कितीही देखणं असलं तरी शोधणाऱ्याच्या लेखी नसल्यातच जमा.

म्हणून पहिली तपासणी अगदी साधी आहे. तुमच्या साइटवरचा एखादा परिच्छेद कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी मजकूर जसाच्या तसा उमटला तर ठीक. रोमन अक्षरांचा चिवडा उमटला, तर साइट दिसत का नाही हे तुम्हाला तिथेच कळलं.

हा चिवडा कुठून येतो? युनिकोड ही अक्षरांना क्रमांक देणारी जागतिक पद्धत घरोघरी पोहोचण्याआधी डीटीपीवाल्यांनी मराठी टाइप केलं ते कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये. या जुन्या फॉन्टमध्ये अक्षरांना फक्त देवनागरीचं रूप असतं, आत साठवलेलं असतं भलतंच. कृतिदेवमध्ये ‘नागपूर’ टाइप केलं तर पडद्यावर नागपूर दिसतं, पण फाइलमध्ये यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे अशी सहा रोमन अक्षरं असतात. क्रॉलरला फॉन्टचं रूप दिसत नाही, त्याच्या हाती पडतात ती ही सहा अक्षरं. जगात कोणीही ‘नागपूर’ शोधताना ती टाकणार नाही. युनिकोडमध्ये मात्र न, काना, ग, प, दीर्घ उकार, र या प्रत्येकाला स्वतःचा ठरलेला क्रमांक आहे आणि तो जगातल्या प्रत्येक संगणकावर तोच असतो.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्रॅम मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. रफाराचंही असंच उलटसुलट आहे. रूपांतरात सगळ्यात जास्त गफलती इथेच होतात, त्यामुळे नंतर एकदा माणसाने वाचायलाच हवं.

दुसरी अडचण चित्रांची. मिठाईच्या दुकानाचं अख्खं मुखपृष्ठ म्हणजे कोरलड्रॉमध्ये केलेलं एकच मोठं चित्र, आणि संत्रा बर्फीचे दर, वेळ, पत्ता, फोन सगळं त्या चित्रात, असं हमखास आढळतं. छापील पत्रक म्हणून ते सुंदर असेल. पण पानाच्या मजकुरात शब्द एकही नाही. गुगलला चित्रातली अक्षरं काही प्रमाणात ओळखता येतात, पण धंदा त्या भरवशावर सोडू नये. दर आणि पत्ता मजकूर म्हणून लिहा. फोटोला ‘ऑल्ट’ वर्णन द्या, म्हणजे फोटोत काय आहे ते एका वाक्यात लिहा. दृष्टिहीन व्यक्तीच्या फोनमधला पडदा वाचणारा प्रोग्रॅमही (स्क्रीन रीडर) तेच वाक्य वाचून दाखवतो. मला हे काम शोधयंत्रापेक्षा त्यांच्यासाठी अधिक मोलाचं वाटतं.

तिसरी अडचण एका खुणेची. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये ‘वाचन’ विभागात एक चौकट आहे: शोधयंत्रांनी ही साइट सूचीत घेऊ नये, अशा अर्थाची. साइट बांधताना ती टिक करतात, म्हणजे अर्धवट पानं शोधात दिसत नाहीत. साइट सुरू करताना टिक काढायची राहून जाते आणि मालक वर्षभर फोटो, लेख, सवलती टाकत राहतो. प्रत्येक पानावर मात्र ‘मला सूचीत घेऊ नका’ अशी सूचना असते. गुगल ती निमूट पाळतं.

याच्याच शेजारी आणखी एक गोंधळ आहे. ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाची छोटी फाइल क्रॉलरला कुठे यायचं नाही ते सांगते. ही पद्धत १९९४ पासून चालत आली आहे. पण ‘येऊ नका’ आणि ‘सूचीत घेऊ नका’ या वेगळ्या गोष्टी आहेत. एखादं पान शोधातून काढायचं म्हणून त्यावर ‘नोइंडेक्स’ (सूचीत घेऊ नका) ही खूण लिहिली आणि शिवाय या फाइलने वाटही अडवली, तर क्रॉलर आत येणारच नाही, त्याला नोइंडेक्स दिसणारच नाही, आणि दुसऱ्या कोणी त्या पानाला लिंक दिली असेल तर त्याचा पत्ता शोधात झळकत राहील. पान काढायचं असेल तर वाट मोकळी ठेवून नोइंडेक्स लावायचं.

हे सगळं तपासायला गुगलचं ‘सर्च कन्सोल’ फुकट मिळतं. आपल्या पानाचा पत्ता त्यात टाकला की ते सूचीत आहे का, नसेल तर का नाही, हे दिसतं. कोणालाही पैसे देण्याआधी हे उघडून बघा, आणि ते स्वतःच्या खात्यावर उघडा.

पान सूचीत आलं की मग शब्दांचा विचार. १९७२ मध्ये ब्रिटिश संशोधक कॅरेन स्पार्क जोन्स यांनी एक मोलाची गोष्ट मांडली: जो शब्द कमी कागदपत्रांत सापडतो, तो शोधात जास्त कामाचा. ‘आहे’ सगळीकडेच आहे, त्याने काही ठरत नाही. ‘जंबेरी’ (संत्र्याचं कलम ज्याच्या खुंटावर बांधतात ती लिंबाची जात) थोड्याच ठिकाणी आहे, त्याने लगेच ठरतं. आजची शोधयंत्रं फार पुढे गेली आहेत, पण हे तत्त्व अजून टिकून आहे. आता एखाद्या रोपवाटिकेचं पान बघा: ‘उत्तम दर्जाची रोपे, वाजवी दर, तत्पर सेवा’. हे शब्द सिमेंटच्या दुकानालाही चालतील. त्याऐवजी कलमं जंबेरी खुंटावर आहेत की रंगपूर लाइमवर, कलमाचा डोळा कधी भरला, डिंक्या रोगासाठी काय काळजी घेतली, रोपं न्यायला कोणत्या महिन्यात यावं, हे लिहिलं तर तेच पान शेतकऱ्याच्या नेमक्या प्रश्नाला जुळतं. रोपवाटिकावाला हे सगळं रोज दहा जणांना तोंडी सांगतच असतो. ते लिहून काढायचं, एवढंच काम.

मराठीत आणखी एक पेच आहे, तो विभक्तीचा. संत्रा, संत्री, संत्र्याचं, संत्र्यांना; नागपूर, नागपुरात, नागपूरचा. इंग्रजीत शब्द फारसा बदलत नाही, आपल्याकडे त्याचं अंगच बदलतं, नागपूरचा दीर्घ उकारही ऱ्हस्व होतो. यंत्राला हे एकाच कुळातले शब्द आहेत हे शिकावं लागतं. २०१९ मध्ये गुगलने बर्ट नावाचं भाषेचं मॉडेल शोधात आणलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ते मराठीसह सत्तरहून अधिक भाषांना लावलं. ते शब्द सुटा न बघता वाक्यात बघतं. म्हणून आता एकाच शब्दाची सगळी रूपं पानाच्या तळाशी कोंबण्यात अर्थ नाही. आपण बोलतो तशी नीट वाक्यं लिहिली की ती रूपं आपोआप येतात. पानाच्या कोडमधली ‘कीवर्ड’ची जुनी मेटा खूण भरून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर गुगल ती क्रमवारीसाठी वापरत नाही हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

पानाचा वेबपत्ता देवनागरीत ठेवावा का, असं बरेच जण विचारतात. चालतं. फक्त कॉपी केल्यावर तो टक्क्याच्या चिन्हांनी भरून लांबलचक होतो: प्रत्येक अक्षरचिन्हाचे तीन बाइट, प्रत्येक बाइटला तीन चिन्हं, म्हणजे एकट्या ‘नागपूर’चीच ५४. पत्रकावर छापायचा असेल तर रोमन आणि आटोपशीर ठेवा.

क्रमवारी कशी लागते? गुगलचा पाया ज्यावर उभा राहिला तो विचार लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडला. कल्पना करा, एक माणूस पानावरची कुठलीही लिंक दाबत पुढे पुढे जातो आहे. शंभरातल्या पंच्याऐंशी वेळा तो लिंक दाबतो, उरलेल्या पंधरा वेळा कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो. असा अखंड भटकत राहिला तर ज्या पानावर तो वारंवार येऊन पोहोचेल, ते पान महत्त्वाचं. यात लिंक नुसत्या मोजल्या जात नाहीत, कोणी दिली यालाही वजन असतं. ज्या पानाकडे स्वतःकडेच बऱ्याच लिंका येतात, त्याने दिलेली लिंक जड. आज क्रमवारीत इतर असंख्य गोष्टी मिसळल्या आहेत, पण लिंकचं महत्त्व संपलेलं नाही.

आणि यातूनच सगळ्यात मोठा खड्डा तयार झाला. लिंकला वजन आहे म्हटल्यावर लिंकचा बाजार उभा राहिला. ‘हजार बॅकलिंक (म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंका), अमुक रुपयांत’. एप्रिल २०१२ मध्ये गुगलने पेंग्विन नावाचा बदल आणला तो अशा विकतच्या लिंकांवर. आज अशा लिंका बहुतांशी मोजल्याच जात नाहीत, म्हणजे पैसे सरळ पाण्यात, आणि प्रकरण हाताबाहेर गेलं तर साइटवर कारवाई होते. जाहिरात म्हणून लिंक घेणं गैर नाही, पण तिच्यावर ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण असायला हवी. खरी लिंक मिळायला वेळ लागतो: स्थानिक वर्तमानपत्राने तुमच्या बागेवर लिहिलं, शेतकरी गटाने तुमचं पान आपल्या साइटवर दिलं. तुम्हीही द्या. लिंबूवर्गीय फळांवर काम करणारी केंद्रीय संशोधन संस्था नागपुरातच आहे. खताचं वेळापत्रक सांगताना तिच्या शिफारशीला लिंक दिली तर वाचकाचं भलंच होतं.

दुसरा खड्डा गावांच्या नावांचा. ‘संत्रा रोपे काटोल’, ‘संत्रा रोपे सावनेर’, ‘संत्रा रोपे नरखेड’, अशी चाळीस पानं, मजकूर तोच, फक्त गाव बदललेलं. यांना ‘डोअरवे’ पानं म्हणतात आणि ती नियमाविरुद्ध आहेत. फेब्रुवारी २००६ मध्ये गुगलने बीएमडब्ल्यूची जर्मन साइट याच प्रकारासाठी काही काळ सूचीतून काढून टाकली होती. एवढ्या मोठ्या कंपनीचं नाव उतरवलं, तिथे आपल्या दुकानाची काय कथा. आता एआयने अशी हजार पानं एका दुपारीत होतात, म्हणून मार्च २०२४ मध्ये गुगलने नियम आणखी स्पष्ट केला: पानं माणसाने लिहिली की यंत्राने, हा मुद्दा नाही. केवळ क्रमवारीसाठी ढिगाने बनवलेला, वाचकाच्या कामी न येणारा मजकूर हा गैरवापरच. सावनेरला तुमचा खरोखर वितरक असेल, तर त्याचा पत्ता, वेळ आणि साठा देणारं एक पान जरूर करा.

ज्यांचा धंदा मोहल्ल्यातला आहे त्यांनी वेबसाइटआधी गुगलवरचं व्यवसाय प्रोफाइल नीट भरावं. नकाशावर कोण आधी दिसणार हे जुळणी, अंतर आणि नावलौकिक यांवर ठरतं. नावात ‘नागपूरमधील सर्वोत्तम स्वस्त’ असं काही जोडू नका, पाटीवर आहे तेवढंच नाव द्या. सूट देऊन पाच तारे मागणंही नियमात बसत नाही. वेगाचं सांगायचं तर कॅमेऱ्यातून आलेला फोटो तसाच चढवू नका, लहान करून घ्या. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा अशी गुगलची अपेक्षा आहे, आणि शेतात उभं राहून मोबाइलवर बघणाऱ्याचीही तीच असते.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नोंदवलेल्या पत्त्याच्या, मालकीची. पुष्कळ लहान व्यावसायिकांचं डोमेन साइट करून देणाऱ्याच्या नावावर असतं. त्याच्याशी बिनसलं, त्याने नंबर बदलला, नूतनीकरण राहिलं, की वर्षांची कमाई गेली. सूचीतली नोंद आणि लोकांनी दिलेल्या लिंका त्या पत्त्याला चिकटलेल्या असतात, तुमच्या नावाला नाही. आजच बघा: डोमेन कोणाच्या ईमेलवर नोंदलेलं आहे, मुदत कधी संपते. पत्ता बदलावाच लागला तर जुन्या प्रत्येक पानावरून नव्या पानाकडे ‘३०१’ची कायमची वळणवाट लावा आणि ती निदान वर्षभर राहू द्या. सगळी जुनी पानं सरसकट मुखपृष्ठाकडे वळवणं ही सोयीची पण चुकीची रीत आहे.

उरला वेळेचा प्रश्न. सुधारणा केल्यावर फरक दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागू शकतं. संत्र्याच्या अंबिया बहाराची (हिवाळी फुलोऱ्याची) फळं दिवाळीच्या सुमारास बाजारात येतात, मृग बहाराची (पावसाळी फुलोऱ्याची) फेब्रुवारीनंतर. संत्रा घरपोच देणाऱ्याने पान ऑक्टोबरात बनवलं तर त्याला उशीर झाला. ते पावसाळ्यातच तयार हवं. आणि दर हंगामाला ‘२०२५’, ‘२०२६’ अशी नवी पानं न काढता तोच पत्ता ठेवून आतले दर आणि तारखा बदलाव्यात, म्हणजे मागच्या वर्षी लोकांनी दिलेल्या लिंका या वर्षीही कामी येतात.