दर रविवारी वेळ वेगळी का?

अलिबागजवळच्या अक्षी-नागाव किनाऱ्यावरच्या आमच्या पक्षीफेरीला येणाऱ्यांसाठी

बुकिंग झालं की बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो: "मागच्या रविवारी मैत्रिणीला सकाळी 8 ला बोलावलंत, मग आम्हाला दुपारी 2 ला का?" कारण आमचं वेळापत्रक भरतीवर चालतं. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आठवड्याभरात फरक सहा तासांच्या घरात जातो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास अलिबागकडे भरती दुपारी बारा-साडेबाराला पूर्ण होते, अष्टमीला संध्याकाळी सहाच्या सुमारास. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. अष्टमी म्हणजे सहा. हा झाला ठोकताळा. फेरीची वेळ आम्ही भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच पक्की करतो.

पूर्ण ओहोटीला चिखल्या, तुतवार, कोरल हे सगळे किनाऱ्यावरचे पक्षी लांबवर ओल्या वाळूत किडे-शिंपले टिपत पांगलेले असतात. दुर्बिणीतूनही ठिपकेच दिसतात. पूर्ण भरतीला ते कोरड्या वाळूवर दाटीवाटीने विसावतात. तेव्हा आम्ही त्यांच्याजवळ कुणालाच नेत नाही. मधले दोन-अडीच तास आपले. चढतं पाणी पक्ष्यांना हळूहळू किनाऱ्याकडे सरकवतं. आपण सुरूच्या बनाच्या कडेने संथ चालायचं, मधेमधे थांबायचं. कुरव आणि सुरय यांचे थवे तर कधी कधी अगदी समोर उतरतात.

म्हणूनच उशिराबद्दल इतकं आवर्जून सांगतो. "अर्ध्या तासाने काय बिघडतं?" असं बरेच जण म्हणतात. पूर्ण ओहोटीपासून पूर्ण भरतीपर्यंतच्या साधारण सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा जेमतेम बारावा हिस्सा येतो, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी येतं. आपली फेरी नेमकी याच दोन तासांत असते. तिथे गेलेला अर्धा तास म्हणजे फेरीतला सगळ्यात भरलेला अर्धा तास. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेजवळच्या मोठ्या भरतीच्या दिवशी तर चालायला वाळूही कमी उरते. त्यामुळे दिलेल्या वेळेनंतर आम्ही दहा मिनिटंच थांबतो. काहींना हे कडक वाटतं, पण वेळेवर आलेल्यांची फेरी वाया घालवणं आम्हाला पटत नाही. उशीर होणार असेल तर फोन करा, पुढच्या थांब्यावर घेऊ. फक्त धावत येऊ नका. किनाऱ्यावर धावणारा माणूस दिसला की थवा उठतो.

फोटोसाठी थवा उडवण्याची विनंतीही कृपया करू नका. यातल्या काही चिखल्या लडाख-तिबेटच्या पठारांवरून आलेल्या असतात आणि मार्च-एप्रिलमध्ये त्यांना परत जायचं असतं. त्या प्रवासासाठी लागणारी चरबी इथे खाऊन-विसावूनच साठते. आपण उगाच उडवलं की तीच खर्च होते.

कॅमेरा घेऊन येणार असाल तर अमावास्या-पौर्णिमेजवळचा रविवार निवडा. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन पाठीशी असतं, पंखांचे रंग नीट दिसतात. दुपारच्या फेरीत सूर्य समोर येतो आणि पाण्याकाठचे पक्षी काळे दिसतात. मुलांना घेऊन येणाऱ्यांना मात्र अष्टमीची दुपार सोयीची: पहाटे उठवायला नको, आणि भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची भरती कमी चढत असल्याने चालायला वाळू भरपूर मिळते.

मुंबईहून सकाळच्या फेरीला त्याच दिवशी यायचं म्हटलं की बोट, मांडव्याहून पुढचा रस्ता आणि अलिबागची शनिवार-रविवारची गर्दी यातच वेळ हातातून जातो. शक्यतो आदल्या संध्याकाळीच या. नागावच्या वाडीत मुक्कामाची सोय आम्ही करून देतो, आणि थंडीत वालाच्या शेंगा मिळत असतील तर रात्री भांबुर्ड्याच्या पाल्यातली पोपटीही (मडक्यात भाजलेल्या शेंगा) लावतो. पोपटीसाठी दोन दिवस आधी सांगावं लागतं.

दुर्बिणी आमच्याकडे आहेत, गटासाठी एक स्कोपही (स्टँडवरची मोठी दुर्बीण) असतो. तुम्ही मळकट रंगाचे कपडे, टोपी, पाण्याची बाटली आणि भिजल्या तरी चालतील अशा सँडल घेऊन या. पुढच्या महिन्याच्या वेळा तिथीसकट व्हॉट्सॲपवर मागवून घ्या, त्या पाहूनच तारीख ठरवा.