हायड्रोजेल (वैद्यकीय)

पाण्यात फुगणारे, पण न विरघळणारे पॉलिमरचे जाळे म्हणजे हायड्रोजेल. वजनात नव्वद टक्के पाणी असले तरी ते आकार धरून राहते, कारण त्यातल्या लांब साखळ्या जागोजागी एकमेकींना बांधलेल्या असतात. रासायनिक बंधांची गाठ पक्की बसते. आयन, हायड्रोजन बंध किंवा सूक्ष्म स्फटिक यांची गाठ परत सुटू शकते. ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लिम यांनी १९६० साली शरीरात वापरता येईल अशा हायड्रोजेलची मांडणी केली. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स त्यातूनच आली.

नुसता दाटपणा म्हणजे जेल नव्हे, हे बेळगावच्या सीमाभागात चिंचोक्याच्या खळीवरून चटकन कळते. घोंगडी विणणारे लोकरीच्या ताण्याला ही खळ देतात. भिजली की ती सुटते, कारण तिच्यातल्या झायलोग्लुकॅन या पॉलिमरच्या साखळ्या मोकळ्याच असतात. विकराने (एन्झाइमने) त्यातली गॅलॅक्टोज ही साखर एक तृतीयांशाहून जास्त काढली, की हेच द्रव्य थंडीत पातळ राहते आणि शरीराच्या उष्णतेला घट्ट होते. अर्थात आधी चिंचोक्याच्या पिठातली प्रथिने आणि तेल काढावे लागते.

प्रयोगशाळेत पहिला हात बसतो तो बहुधा सोडियम अल्जिनेटवर, म्हणजे समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या पॉलिमरवर. १०० मिलि ऊर्ध्वपातित पाणी ढवळत ठेवून २ ग्रॅम पावडर चिमटी-चिमटीने भुरभुरायची. एकदम ओतली तर बाहेरून चिकट, आतून कोरड्या अशा गुठळ्या होतात. दोन-तीन तास ढवळून रात्रभर झाकून ठेवले की बुडबुडे निघून जातात. मग द्रावण काचेच्या बशीत ओतून त्यावर २ टक्के कॅल्शियम क्लोराईड सोडायचे. इथे पाण्याचा दर्जा पाहावाच लागतो. बोअरच्या जड पाण्यात, म्हणजे डाळ शिजत नाही त्या पाण्यात, कॅल्शियम मुळातच असते. अल्जिनेट विरघळतानाच त्याच्या गाठी पडतात आणि दोष पावडरला दिला जातो. दुसरी अडचण अशी, की कॅल्शियमने वरचा थर आधी आवळतो आणि आतला भाग कच्चा राहतो. एकसारखी चकती हवी असेल तर द्रावणात कॅल्शियम कार्बोनेट मिसळून त्याच्या दुप्पट मोल ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन घालतात. आम्ल हळूहळू तयार होते, तसतसे कॅल्शियम आतूनच सुटते.

पॉलिव्हिनाइल अल्कोहोलला (पीव्हीए) बांधणारे रसायन लागत नाही. १० टक्के द्रावण ९० अंश सेल्सियसला नितळ होईतो ढवळून उणे २० अंशांवर रात्रभर गोठवतात, मग खोलीच्या तापमानाला वितळू देतात. अशी तीन ते पाच आवर्तने झाली की रबरासारखी चकती मिळते. पावडर ९८-९९ टक्के जलविच्छेदित, म्हणजे ॲसिटेट गट जवळजवळ सगळे काढलेली हवी. ८८ टक्क्यांची पाण्यात लवकर विरघळते म्हणून घेतली जाते आणि जेल मात्र लिबलिबीत होते. उरलेले ॲसिटेट गट स्फटिक जमू देत नाहीत. गोठवताना वीज गेली तर ते आवर्तन मोजू नये, तो घाणा वेगळा काढावा.

निर्जंतुकीकरणात तयार जेल वाया जाण्याची शक्यता सर्वांत जास्त. १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात) अल्जिनेटच्या साखळ्या तुटून द्रावण पातळ होते. गॅमा किरणांनीही त्या तुटतात. पाण्यातल्या पीव्हीएत उलटे घडते: किरणांनी साखळ्या जोडल्या जातात, त्यामुळे सुमारे २५ किलोग्रे (किरणांची मात्रा मोजायचे एकक) मात्रेत जेल बांधणे आणि निर्जंतुक करणे एकदमच उरकते. भाभा अणुसंशोधन केंद्राने या पद्धतीने जखमेवरच्या पट्ट्या विकसित केल्या.

फुगणे मोजताना ओल्या वजनातून कोरडे वजन वजा करून कोरड्यानेच भागतात. ०.२० ग्रॅमची चकती २.२० ग्रॅम झाली तर फुगणे १००० टक्के. गाळणकागदाने पुसण्याची वेळ दर वेळी सारखी ठेवली नाही तर आकडे हलतात. अल्जिनेटची चकती फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) टाकली तर फॉस्फेट तिचे कॅल्शियम ओढून घेते आणि ती विरते. ते औषध सोडण्याचे लक्षण समजून आलेख काढणारे कमी नाहीत. पेशींवरच्या चाचणीत जिवंतपणा ७० टक्क्यांखाली गेला तर पदार्थ विषारी धरतात. बांधणीला ग्लुटाराल्डिहाइड वापरले असेल तर न धुतला गेलेला अंश हे त्याचे नेहमीचे कारण.

शेजारच्या धारवाडला कर्नाटक विद्यापीठात तेजराज अमीनभावी यांच्या गटाने अल्जिनेटसारख्या पॉलिमरच्या सूक्ष्मगोळ्यांतून औषध सावकाश सोडण्यावर दीर्घकाळ काम केले. बेळगावात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. रुग्णांवर चाचणी करायची तर नीतिसमितीची परवानगी लागते, आणि संमतीपत्र रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत, म्हणजे इथे कन्नड आणि मराठी दोन्हींत हवे.

जखम कोरडी की वाहती, यावर पट्टीची निवड ठरते. कोरड्या, खपली धरलेल्या जखमेला हायड्रोजेल ओल देते. वाहत्या जखमेवर तेच लावले तर कडेची कातडी पांढरी पडून कुजू लागते, तिथे द्रव शोषणारी अल्जिनेटची कोरडी पट्टी बरी. गुऱ्हाळात काहिलीतला पाक उतरवतेवेळी सुमारे ११८ अंशांवर असतो आणि अंगाला चिकटतो, म्हणून भाजणे उकळत्या पाण्यापेक्षा खोल जाते. तिथे आधी २० मिनिटे वाहते पाणी, चिकटलेला पाक ओढून न काढता. जेलची पट्टी त्यानंतर, भाजलेले किती खोल आहे हे डॉक्टरांनी पाहिल्यावर.