‘इंजिनिअरला ॲक्च्युअरी सोपे’ हा गैरसमज

गोव्यात फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजपासून मडगावपर्यंत हे ऐकू येते: इंजिनिअरचे गणित पक्के, ॲक्च्युअरीचे (विम्यातली जोखीम गणिताने मोजणाऱ्या तज्ज्ञाचे) पेपर सहज सुटतील. हे खरे नाही. इंजिनिअरिंगच्या गणितातली लाप्लास, फूरिये रूपांतरे इथे जवळपास लागतच नाहीत. लागते ती संभाव्यता, सांख्यिकी आणि व्याजगणित.

एक उदाहरण घ्या. 1 लाखाचा एक वर्षाचा विमा, मृत्यूची शक्यता 0.002, व्याज 6 टक्के. सरासरी दावा 1 लाख गुणिले 0.002, म्हणजे 200; त्याची आजची किंमत 200 भागिले 1.06, म्हणजे 188.68 रुपये. आकडेमोड बिनचूक, पण हे उत्तर दावा वर्षाअखेरीस दिला तरच खरे. मृत्यू वर्षभर होतात. ते सरासरी वर्षाच्या मध्यावर धरले तर 194.26 येतात. 50,000 पॉलिसींवर फरक सुमारे 2.79 लाख! इंजिनिअर अडखळतो तो इथे: सूत्रात नव्हे, गृहीतकात.

म्हणून नोकरी सोडण्याआधी सीएस1 (संभाव्यता-सांख्यिकीचा पेपर) द्या. त्याचा दुसरा भाग संगणकावर, आर या सांख्यिकीच्या प्रोग्रामिंग भाषेत असतो; नुसता सिद्धांत वाचून तो सुटत नाही. मग सीएम1 (व्याजगणित आणि विम्याच्या गणिताचा पेपर), त्यात एक्सेल. कोडिंगचा सराव मात्र इंजिनिअरला खरोखरच उपयोगी पडतो. पण लेखी उत्तरांची त्याला सवय नसते, आणि पुढच्या पेपरांत गुण तिथेच जातात.